थुसिडिडीज मूळ ग्रीकमधूनच वाचायला हवा का?

निशाचर
बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते टाकतो, पटलं नाही तर बिनधास्त झोडा.

थुसिडिडीज, म्हणजे अथेन्स-स्पार्टा युद्धाचा (इ.स.पू. ४३१ ते ४०४) इतिहास लिहिणारा, स्वतः अथेन्सचा सेनापती, अँफिपोलिस हे शहर वाचवता आलं नाही म्हणून वीस वर्षं हद्दपारी भोगलेला माणूस. तो नुसता इंग्रजी भाषांतरात वाचणं म्हणजे निम्माच वाचणं, असं माझं मत झालंय. त्याच्या आधीचा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस, त्याचं तसं नाही हां, तो गोष्टीवेल्हाळ, कुठल्याही भाषेत रंगतो, त्याच्या त्या हिंदुस्थानातल्या सोनं उकरणाऱ्या मुंग्या इंग्रजीतही तेवढीच मजा आणतात. थुसिडिडीज मात्र दोन तऱ्हेची ग्रीक लिहितो. लढाया, वेढे, उपासमार सांगताना सरळ आणि भराभर. आणि कोणी भाषणाला उभं राहिलं की वाक्यं अशी पिळली जातात की कर्ता कुठे क्रियापद कुठे, मधेच रचना बदलते, दोन विरोधी गोष्टी समोरासमोर ठेवेल आणि दोन्हीकडचं व्याकरण मुद्दाम वेगळं करेल. भाषांतरकार बिचारा काय करणार, तो इस्त्री फिरवतो, आणि मग पेरिक्लीज काय, क्लिऑन काय, अथेन्सचे हे सगळे पुढारी लंडनच्या खासदारासारखे बोलायला लागतात.

आणि हे आत्ताच्या लोकांनाच जड जातं असं नाही. डायोनिसियस नावाचा शैलीचा जाणकार, स्वतः ग्रीक, हेरोडोटसच्याच गावचा, हॅलिकार्नाससचा. त्याने लिहून ठेवलंय की सगळा थुसिडिडीज समजणारे लोक सहज मोजता येतील इतकेच, आणि त्यांनाही काही भाग व्याकरणाच्या टिपांशिवाय लागत नाही. रोमन वक्ता सिसेरो, त्याची पण थुसिडिडीजमधल्या भाषणांबद्दल हीच रड. जो त्यांनाही अडखळवत होता तो आपल्याला लोकलमध्ये उभ्या उभ्या गुळगुळीत समजत असेल तर आपण नक्की कोणाला वाचतोय? आठ पुस्तकं आहेत, निदान एक तरी मूळातनं वाचावं.

आगाऊ गोगलगाय
अजिबात सहमत नाही. नोकरी, घर, पोरांच्या परीक्षा सांभाळून ग्रीक शिकायचं म्हणजे दोन-तीन वर्षं नेटाने घालवल्यावर कुठे झेनोफनसारखा सोपा ग्रीक लेखक जरा जमायला लागतो, थुसिडिडीज त्याच्या कितीतरी पुढे. तेवढ्या वेळात आठही पुस्तकं दोन वेगवेगळ्या भाषांतरांत वाचून होतात, वर नकाशे आणि शिलालेखांवरची दोन-चार पुस्तकं.

शिलालेख मुद्दाम म्हणतेय. अथेन्सने इ.स.पू. ४२५ साली मित्रराष्ट्रांची खंडणी दणकून वाढवली, हे आपल्याला कशावरनं कळतं? दगडावर कोरलेल्या ठरावावरनं. थुसिडिडीज त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आता त्याने काय गाळलं ते त्याचीच वाक्यं सोडवत बसून कसं कळणार, सांगा ना.

आणि भाषणांचं एवढं कौतुक कशाला? तोच पहिल्या पुस्तकात कबूल करतो की शब्द न् शब्द लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून एकूण आशयाला धरून, त्या प्रसंगी जे बोलणं योग्य ठरलं असतं असं मला वाटलं ते मी घातलं. म्हणजे पेरिक्लीजचे शब्द तसेही हाताला लागत नाहीतच.

पारावरचा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

निशाचर
गोगलगाय, भाषणं त्याचीच आहेत म्हणून तर म्हणतोय! तिथे तो स्वतः विचार करताना दिसतो. आणि एक सांगा, शिवकालावर लिहिणाऱ्याला मोडी यायलाच हवी असं आपण सगळेच ठणकावून म्हणतो की नाही? मग इथेच भाषांतर कसं काय चालतं?

आगाऊ गोगलगाय
लिहिणाऱ्याला हो. मी लिहीत नाहीये, वाचतेय. बखर वाचायला मोडी शिकून ये असं कोणी म्हटलं तर निम्मा महाराष्ट्र इतिहासाच्या वाटेला जाणार नाही.

खडू-फळा
मी संस्कृत शिकवते, माझे दोन पैसे. आपल्याकडच्या माणसाला ग्रीक वाटतं तेवढं परकं नाही. भरामि, तिकडे फेरो. भूतकाळात अभरम्, तिकडे एफेरॉन, आपला अ-आगम तसा त्यांचा ए. आत्मनेपदाला समांतर प्रयोग आहे, द्विवचनही आहे (मोडकळीला आलेलं). सती सप्तमी आठवते ना दहावीची, 'सूर्य उगवला असता' अशा अर्थाची रचना? ग्रीक तेच काम षष्ठीकडून करून घेतं, आणि थुसिडिडीज ते फार वापरतो. ज्यांनी शाळेत संस्कृत नुसतं मार्कांसाठी घेतलं त्यांनाही चौकट ओळखीची वाटेल. तेव्हा 'आपल्याला जमणारच नाही' हे कारण चालणार नाही. मात्र वेळेचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मी_कोण
बायदवे ते रील्सवर फिरतं ना, बलवान जमेल ते करतात आणि दुबळ्यांना सोसावं लागतं, ते याचंच ना? जबरी वाक्य आहे. युक्रेन झालं की टाका, तैवान झालं की टाका.

आगाऊ गोगलगाय
याचंच, आणि बरं झालं काढलंत. ते थुसिडिडीजचं मत म्हणून फिरवतात. ते वाक्य अथेन्सच्या दूतांच्या तोंडी आहे, इ.स.पू. ४१६ साली, मीलॉस बेटावरच्या लोकांना शरण या म्हणून दमदाटी चालू असताना. बेट पडल्यावर हाती लागलेले पुरुष मारले, बायका-पोरं गुलाम म्हणून विकली. तिथे पाचवं पुस्तक संपतं, आणि पान उलटलं की सहाव्याच्या पहिल्याच ओळीत हेच अथेन्सवाले सिसिली जिंकायचे बेत करतायत, ज्यात पुढे त्यांचं अख्खं सैन्य बुडालं. तो काय सुचवतोय हे कळायला ग्रीक लागत नाही, पुढचं पान उलटावं लागतं. अमेरिका-चीनवरच्या त्या 'थुसिडिडीज ट्रॅप'वाल्यांचं (नवी सत्ता वर आली की जुनीशी युद्धाचा धोका, असं म्हणणाऱ्यांचं) पण तेच. लोक एक वाक्य उचलतात, पुस्तक वाचत नाहीत. आजार हा आहे आणि निशाचररावांचं औषध भलतंच.

निशाचर
हे मान्य, झकास मुद्दा. पण भाषांतरावर किती भरवसा ठेवायचा यालाही इतिहास आहे. १५५० मध्ये इंग्रजीत पहिल्यांदा अख्खा थुसिडिडीज आला तो फ्रेंचवरनं, ते फ्रेंच होतं व्हाल्ला या इटालियन पंडिताच्या लॅटिनवरनं, आणि लॅटिन ग्रीकवरनं. तीन हात फिरून आलेला माल. थेट ग्रीकवरनं इंग्रजी करायला १६२९ उजाडलं, आणि ते केलं हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने, ज्याला लोकशाहीचा मुळातच तिटकारा होता.

आगाऊ गोगलगाय
हो, आणि आज बाजारात थेट ग्रीकवरनं केलेली डझनभर भाषांतरं आहेत. १५५० ला कोण विचारतंय?

दर्यावर्दी
जरा अवांतर. एवढी मेहनत करून ग्रीक शिकायचंच असेल तर 'पेरिप्लस' का वाचत नाही कोणी? इतिहासकार नाही, पहिल्या शतकातल्या कुणा अनाम व्यापाऱ्याची समुद्रमार्गाची वही, पण त्यात आपलं पैठण आहे, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आपलं तेर, शिवाय सोपारा आणि कल्याण. कल्याणला चुकून ग्रीक जहाज आलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात असंही लिहिलंय. भाषा साधी, व्यापाऱ्याची. अथेन्सच्या भांडणात मराठी माणसाने आयुष्य का घालवायचं?

खडू-फळा
दर्यावर्दी, वेगळा धागा काढा हो, मी येते तिथे. पण अथेन्सचं आपल्याला काय, हे लॉजिक नको. मग आपलं तरी त्यांनी का वाचायचं?

पारावरचा
पॉपकॉर्न संपले. समजा माझ्यासारख्याला हौस आलीच तर सुरुवात कुठून?

निशाचर
सातव्या पुस्तकापासून. एका बाजूला ग्रीक एका बाजूला इंग्रजी अशी जुनी लोएब आवृत्ती नेटवर फुकट आहे. सिसिलीतली अथेन्सच्या सैन्याची माघार, इ.स.पू. ४१३. चंद्रग्रहण लागलं म्हणून त्यांचा सेनापती निकियास ज्योतिष्यांचं ऐकून तीन नव्वे सत्तावीस दिवस हलायला तयार नाही. मग उशिरा निघतात, तहानेने वेडे होऊन असिनारस नदीत घुसतात, वरनं भाले पडतायत, पाणी चिखलाने आणि रक्ताने गढूळ, तरी पितायत, वर त्या पाण्यासाठी आपापसात मारामारी करतायत. उरलेले निदान सात हजार शत्रूच्या शहरातल्या, सिराक्यूजच्या दगडखाणीत, माणशी रोजचं पाणी साधारण पाव लिटर आणि धान्य त्याच्या दुप्पट, आठ महिने. सगळं साध्या, छोट्या वाक्यांत.

आगाऊ गोगलगाय
हे तुम्ही आत्ता मराठीत सांगितलंत आणि अंगावर काटा आला. अजून काय पुरावा हवा?

निशाचर
अहो हे कथन झालं, ते सरळ असतं हे मी वरच लिहिलंय. आता तिसऱ्या पुस्तकातलं, बंड केलेल्या मितिलिनी शहराला काय शिक्षा द्यायची त्या वेळचं क्लिऑनचं भाषण घ्या आणि असंच चार ओळीत सांगून दाखवा. मी थांबतो.