मदत हवी आहे: समुद्री टँकमध्ये माशांची शी साठतेय, रोज काढून थकलो

नवी_लाट:
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे, कुणीतरी नीट सांगा. वाळूवर रोज सकाळी शी दिसते, दगडांमागे तपकिरी गाळ साठलाय, मी ट्यूबने ओढून काढतो आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. काल एक डॅम्सल मासा मेला. दुकानदार म्हणाला बॅक्टेरियाची बाटली टाका, दोन बाटल्या टाकून झाल्या, काही फरक नाही. शी खाणारा एखादा मासा किंवा खेकडा मिळतो का? टँक ३ फुटी आहे, फिल्टर वगैरे सगळं आहे. शनिवारी दोन दिवस गावी जायचंय, त्याआधी हे सुटलं पाहिजे.

खाडीकाठ:
"सगळं आहे" म्हणजे काय काय ते लिहा हो. टँक कधी सुरू केला? मासे किती, कोणते? स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) आहे? अमोनिया, नायट्रेट किती? मासा मेलाय म्हणताय आणि एक आकडा दिला नाहीत.

वाळू_नको:
मी तर सरळ सांगतो, वाळू काढून टाका. माझा टँक ६ वर्षं उघड्या काचेवर चालू आहे, शी दिसली की सायफन लावला की संपलं, वाळूत मुरायला जागाच नाही. वाळू म्हणजे कचरापेटी.

प्रवाळप्रेमी:
@वाळू_नको, दर धाग्यावर वाळू काढायला सांगू नका. वाळूत आणि दगडांत जे जिवाणू राहतात तेच घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मासा मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी वाळू उपसली तर उरलेलेही जातील.

नवी_लाट:
मासे ७ होते, २ क्लाऊन, ४ डॅम्सल, १ छोटा ब्लू टँग. स्किमर आहे. मागे टांगायचा फिल्टर आहे, स्पंज दर रविवारी नळाखाली स्वच्छ धुतो. टेस्ट किट नाही, पण पाणी एकदम काचेसारखं आहे. मला फक्त शी खाणारं काय असतं ते सांगा ना.

दर्यावर्दी७:
समुद्री काकडी टाका. वाळू खाते आणि साफ करून मागे सोडते. माझ्या ओळखीतल्या एकाकडे आहे, वाळू पांढरी शुभ्र.

खाडीकाठ:
अजिबात नको. आपल्याकडे सगळ्या समुद्री काकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, २००१ पासून. पकडणं, विकणं, जवळ बाळगणं सगळा गुन्हा आहे. जिवंत दगडी प्रवाळाचंही तेच. शिवाय काही जातींच्या काकड्या टँकमध्ये मेल्या तर विष सोडतात, उरलेले मासे पण घेऊन जातील.
आणि @नवी_लाट, माशाची शी खाऊन संपवणारा मासा नसतो. शंखवाला खेकडा, नासारियस गोगलगाय हे उरलेलं खाणं खातात. मग त्यांचीही शी होतेच. घाण टँकमधून बाहेर जायला हवी, एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जाऊन काय उपयोग.

बाल्कनीतली_बाग:
शीचं पाणी फुकट घालवू नका, झाडांना घाला! आमच्या गोल्डफिशचं पाणी मी मनीप्लांटला घालते, काय पानं येतात म्हणून सांगू.

प्रवाळप्रेमी:
ताई, हे खारं पाणी आहे, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ. कुंडी दोन दिवसांत जळेल. गोड्या पाण्याचं ठीक आहे.

भरती_ओहोटी:
मीठ विकत घेण्यापेक्षा समुद्राचं पाणी आणा. मी रत्नागिरीला असतो, भाट्याहून भरतीला कॅन भरून आणतो आणि आठवड्याला निम्मं पाणी बदलतो. शीचा प्रश्नच येत नाही.

खाडीकाठ:
भाट्याला काजळी नदी मिळते हो, पावसाळ्यात तिथलं पाणी निम्मं गोडं आणि गढूळ. मीठ मोजल्याशिवाय कुणी असलं करू नका. मुंबईच्या चौपाटीवरचं तर नकोच.
@नवी_लाट, टँक किती जुना आहे ते अजून सांगितलं नाहीत.

नवी_लाट:
५ आठवडे. मासे दुसऱ्या आठवड्यात टाकले, सगळे एकदम. स्किमर रात्री बंद ठेवतो कारण टँक बेडरूममध्ये आहे, घूंऽऽ आवाज येतो आणि बाळ उठतं. पाणी कमी झालं की मिठाचं पाणी करून भरतो. यात काही चुकतंय का?

प्रवाळप्रेमी:
अहो इथेच सगळं आहे! वाफ होते ती पाण्याची, मीठ आतच राहतं. वर परत मिठाचं पाणी भरताय म्हणजे खारटपणा रोज चढतोय. कमी झालेलं पाणी नुसत्या आरओच्या पाण्याने भरायचं.
स्पंज नळाखाली धुता तेव्हा क्लोरीनने जिवाणू मरतात, म्हणून टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळायचा. ५ आठवड्यांच्या टँकमध्ये जिवाणू धड बसलेले नसतात, त्यात ७ मासे. समुद्री टँकचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, त्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी. पाणी काचेसारखं दिसतं म्हणताय पण अमोनिया दिसत नाही हो.

खाडीकाठ:
+१. आणि स्किमर २४ तास चालू हवा. शी विरघळून अमोनिया व्हायच्या आधी तिचा बारीक चिखल फेसाबरोबर कपात येतो, एकदा अमोनिया झाला की स्किमर काही करू शकत नाही. आधी टेस्ट किट आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आणा, आजच.

वाळू_नको:
मी ६ वर्षं स्किमरशिवाय चालवतोय. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदललं की झालं. उगाच नवीन माणसाला खर्चात पाडू नका.

प्रवाळप्रेमी:
तुमच्याकडे मासे दोन आहेत. यांच्याकडे ब्लू टँग आहे, तो फूटभर वाढतो, दिवसभर खातो आणि तेवढीच शी करतो. ३ फुटांत तो बसतच नाही, परत करा.

पुणेरी_टाकी:
अवांतर: मला पण समुद्री टँक करायचाय, घरचं खडे मीठ चालेल का?

खाडीकाठ:
नाही. मरीन सॉल्ट वेगळं येतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पीएच धरून ठेवणारे क्षार असतात. नवीन धागा काढा, तिथे बोलू.

नवी_लाट:
किट आणलं. अमोनिया ०.५, नायट्राइट १, नायट्रेट ४०. रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा १.०३१. हात थरथरले बघून. आता एकदम सगळं पाणी बदलू का?

प्रवाळप्रेमी:
नको नको. ३०-३५ लिटर काढा, तेवढंच १.०२५ चं, त्याच तापमानाचं पाणी हळू भरा. उद्या अमोनिया मोजून परत. मीठ दिवसाला ०.००२ पेक्षा जास्त उतरवू नका. पाणी काढायच्या आधी मोठ्या सिरिंजने दगडांमागे जोरात फवारा मारा, गाळ वर येतो, मग सायफन. वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) दगडांच्या मागच्या बाजूला वळवा, पाणी फिरत राहिलं की शी खाली बसत नाही. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. गावी जाल ते दोन दिवस काहीही घालू नका, मासे राहतात. शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका, ते मूठभर टाकतात.

नवी_लाट:
सोमवार. गावाहून आलो, सगळे जिवंत आहेत. अमोनिया ०.२५, मीठ १.०२६. टँग परत केला, दुकानदाराने निम्मे पैसे दिले. स्किमरच्या कपात काळपट चहासारखं पाणी साठलं होतं, इतका घाण वास की खिडकी उघडावी लागली. हे सगळं आधी आतच विरघळत होतं. सगळ्यांचे खूप आभार, खरंच.

दर्यावर्दी७:
आवाजाचं काय केलंत? माझाही रात्री घोंघावतो.

नवी_लाट:
स्किमरखाली जुनी योगा मॅट कापून दुहेरी घडी घातली आणि काचेला टेकत होता तिथे स्पंजचा तुकडा लावला. बाळ झोपतंय.