मदत हवी आहे: तीन पाळ्यांची नोकरी, दोन लहान मुले आणि महिन्याला सहाशे रुपये, वजन कसे उतरवावे?

नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून काम करतो. वय ३९, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८८ किलो आणि बेंबीपाशी पोटाचा घेर १०४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे डॉक्टर मानतात, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते.

गेल्या महिन्यात कारखान्यात वार्षिक आरोग्य तपासणी झाली. रक्तदाब १३८/९२, उपाशीपोटीची साखर ११२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६० आणि सोनोग्राफीत यकृतावर पहिल्या टप्प्याची चरबी, असा अहवाल हाती आला. ‘दहा किलो उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील,’ एवढे सांगून डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर शे-दीडशे माणसे रांगेत उभी होती, तेव्हा त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण दहा किलो कसे उतरवायचे हा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

माझी पाळी दर आठवड्याला बदलते: सकाळी सात ते तीन, मग तीन ते अकरा, मग रात्री अकरा ते सात. पत्नी एका पतसंस्थेत साडेनऊ ते सहा नोकरी करते. मुलगी पाचवीत आहे आणि मुलगा सीनियर केजीत. रात्रपाळीच्या आठवड्यात मी साडेसातला घरी येतो, मुलाला आंघोळ घालून पावणेनऊला शाळेत सोडतो, सव्वानऊला झोपतो आणि पावणेबाराचा गजर लावून त्याला आणायला जातो. त्याला जेवू घातल्यावर दुपारी त्याच्याबरोबर तास-दीड तास डोळा लागला तर लागतो. दुसऱ्या पाळीत सकाळ मोकळी मिळते, पण त्याच सकाळी स्वयंपाकातला माझा वाटा, दळण, गॅस, बँक आणि शाळेची कामे येऊन बसतात. पहिल्या पाळीत संध्याकाळ मिळते आणि ती मुलीच्या गृहपाठात जाते. स्वतःसाठी म्हणावा असा वेळ सलग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि तो रोज एकाच वेळी मिळेल याची खात्री नाही.

पैशांचेही स्पष्ट सांगतो. घराचा हप्ता, दोन शाळांची फी आणि गावी आईवडिलांना पाठवायची रक्कम वजा जाता या कामासाठी महिन्याला सहाशे रुपये काढता येतील. जवळच्या व्यायामशाळेत महिना बाराशे मागतात. एका परिचितांनी डबाबंद पावडरीचे पेय सुचवले होते, त्याचा महिन्याचा खर्च ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो. (तेवढेच एक उष्मांक वाचले.)

यापूर्वी दोन प्रयत्न केले आहेत. आमच्या विभागात काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीची लाट आली होती आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवण्याचा हिशेब लावत अर्धी असेम्ब्ली लाइन जेवत असे. मी पाच आठवड्यांत तीन किलो उतरलो, मग रात्रपाळी आली, आणि दोन जेवणे नेमकी कुठे बसवावीत हे मला ठरवता आले नाही. त्यानंतर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे ऐकून थोडे थोडे खाण्याचा प्रयत्न केला, तर मशीनवरून दर दोन तासांनी उठता येईना. दोन्ही वेळी दोष पद्धतीचा नव्हता. माझे घड्याळच दर सोमवारी फिरते.

मी खातो तरी किती, हे कळावे म्हणून मागच्या आठवड्यात एक उद्योग केला. नापास झालेल्या भागाला आम्ही लाल टॅग लावतो. तसल्या कोऱ्या टॅगचा एक गठ्ठा खिशात ठेवला आणि जेवणाव्यतिरिक्त तोंडात गेलेली प्रत्येक वस्तू त्यावर लिहिली. मंगळवारचा टॅग जसाच्या तसा देतो: ‘मुलाच्या डब्यातला अर्धा पराठा, सॉससकट. मुलीचे उरलेले दूध, पाऊण कप, चॉकलेट पावडर घातलेले. बिस्किटे चार, त्यांतली दोन दुधात पडलेली. ताटातला वरणभात, चार-पाच घास. कॅन्टीनचा वडा एक, पहाटे सव्वादोनला. चहा सहा.’ यातला वडा आणि चहा सोडला तर मला एकाही वस्तूची भूक नव्हती. मुले उठून गेली की मी ओट्याशी उभा राहून त्यांची ताटे निपटून काढतो, कारण ताटात अन्न टाकणे आमच्या घरात पाप मानले जाई आणि ते हाडीमाशी भिनले आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात धरून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा माणूस स्वतःचे खाणे मात्र डोळे मिटून गिळतो, हे त्या टॅगांवर पाहून मला खरोखर लाज वाटली.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. रात्रपाळीत केव्हा खावे आणि काय खावे? आठ तास उभ्याने काम होते, ते व्यायामात धरता येते का? वीस मिनिटांत, साधनांशिवाय, मुलगा अंगावर चढत असताना करता येईल असा व्यायाम कोणता? आणि मुलांच्या ताटातल्या उरलेल्याचे काय करावे? शेवटचा प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण मला तोच सर्वांत अवघड वाटतो.

प्रतिसाद १

दादा, मी बावीस वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम केले आहे आणि आपल्या शेवटच्या प्रश्नावर मला मुळीच हसू आले नाही. वजन वाढलेल्या आयांकडून हे मी शेकडो वेळा ऐकले आहे. वडिलांनी कबूल केलेले प्रथमच वाचले. उरलेले संपवणे थांबवण्यापेक्षा उरू न देणे सोपे असते. मुलांना निम्मे वाढा, मागितले तर पुन्हा वाढा, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या डब्यात दोन पराठ्यांऐवजी एकच द्या. तरीही राहिले तर ते झाकून ठेवा आणि आपल्या पुढच्या जेवणात एका पोळीच्या जागी घ्या, म्हणजे अन्न वाया जात नाही आणि वरकडही होत नाही.

आपल्या वजनाच्या पाच ते सात टक्के, म्हणजे साडेचार ते सहा किलो उतरले तरी साखर, रक्तदाब आणि यकृत या तिन्हींत फरक दिसू लागतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवण्याचे उद्दिष्ट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढ्यावर, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. म्हणून दहाचा आकडा सध्या बाजूला ठेवा आणि आठवड्याला अर्धा किलो उतरले तर समाधान माना.

आता खर्चाचे. आपल्या घरी महिन्याला तेल किती लागते ते कृपया पत्नीला विचारून सांगा. चौघांत पाच लिटर लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ४० मिलिलिटर तेल पोटात जाते आणि त्याचे तीनशेच्या वर उष्मांक होतात. ते तीन लिटरवर आणले तर दोन लिटरचे पैसे सुटतात आणि त्या पैशांत महिन्याची चाळीसेक अंडी येतात. फोडणी बाटलीतून न घालता चमच्याने घाला. पळीने तेल वाढते हे आम्हां बायकांनाही कळते, पण वळत नाही. चहाचे गणितही असेच आहे: कपाला दोन चमचे साखर धरली तर सहा चहांत ६० ग्रॅम साखर, म्हणजे २४० उष्मांक. अर्धा तास चालून आपण साधारण दीडशे खर्च करता.

रात्रपाळीत मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी, नऊ-साडेनऊला करा: ज्वारीची भाकरी, उसळ किंवा दोन अंडी, भाजी. मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत शक्यतो जड काही खाऊ नका, कारण त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. फारच भूक लागली तर मूठभर फुटाणे आणि ताक घ्या. घरी आल्यावर हलका नाश्ता करूनच झोपा, नाहीतर भुकेने अकराला जाग येईल. घड्याळातले तास मोजण्यापेक्षा झोपेतून उठल्यापासून मोजा: उठल्यावर तासाभरात पहिले खाणे, झोपण्याआधी दोन तास शेवटचे. यात अपवाद एकच, रात्रपाळीनंतरचा तो हलका नाश्ता. सोमवारी घड्याळ फिरले तरी नियम फिरणार नाही.

एक विचारायचे राहिले. आपण घोरता का? झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो असे घरचे सांगतात का? असे असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. वजन, रक्तदाब आणि दिवसभराचा थकवा या तिन्हींचे मूळ कधी कधी तिथे असते. आणि यकृतावर चरबी असताना कसलीही ‘शरीरशुद्धी’ची पावडर घेऊ नका.

प्रतिसाद २

भाऊ, मीही अठरा वर्षे पाळ्यांत काढली आहेत, म्हणून ताईंच्या सगळ्या म्हणण्याशी सहमत होऊनही एक गोष्ट वेगळी सांगतो. पहाटे तीन वाजता सगळी लाइन वडा खात असताना आपण फुटाणे काढले की चार दिवस लोक हसतात आणि पाचव्या दिवशी आपण वडा घेतो. एकट्याने करू नका, शेजारच्या मशीनवरचा एकजण सोबत घ्या. साखरही एकदम तोडू नका. मी दोन चमच्यांवरून दीड, मग एक, मग अर्धा असे तीन महिन्यांत उतरलो आणि आता गोड चहा मलाच जात नाही.

उभे राहण्याचे म्हणाल तर ते बसण्यापेक्षा बरे, पण त्याने दम लागत नाही, म्हणून ते व्यायामात धरू नका. उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर आणि सूर्यनमस्कार एवढे पुरे आहे. दहा मिनिटांचे दोन तुकडे केले तरी चालतात. मुलगा अंगावर चढतो म्हणता, तर त्याला पाठीवर घेऊनच उठाबशा काढा, मात्र गुडघे दुखत नसतील तरच आणि आधी आठ दिवस त्याच्याशिवाय. सुटीच्या दिवशी मिसळ खायला जाण्याआधी सगळ्यांना पांडवलेणी चढायला न्या; पायऱ्यांना तिकीट लागत नाही, आणि वरून उतरल्यावर मिसळीवरची तर्री आपण होऊनच कमी मागवली जाते, हा माझा अनुभव आहे.

धागाकर्त्याचे उत्तर, सहा आठवड्यांनंतर

ताई आणि भाऊ, उत्तर द्यायला उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. काहीतरी करून दाखवल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. आज वजन ८५.६ किलो आणि घेर १०१ सेंटिमीटर आहे. चौथ्या आठवड्यात काटा जागचा हलला नाही आणि पाचव्यात तीनशे ग्रॅम वर गेला, कारण त्या आठवड्यात बहिणीच्या घरी बारसे होते आणि मी टॅग लिहिले नाहीत.

तेलाचा हिशेब ताईंनी न पाहताच बरोबर सांगितला होता. पाच लिटरचा डबा महिन्याला संपत होता. आता साडेतीन लागते, तीनवर अजून आलेलो नाही. पत्नीला सुरुवातीला हा तिच्या स्वयंपाकावर ठेवलेला ठपका वाटला, म्हणून दोन आठवडे संध्याकाळच्या भाज्या मीच केल्या. पहिल्या दिवशीची गवार करपली. घोरण्याबद्दल तिला विचारले, तर ‘हे विचारायला तुम्हांला बारा वर्षे लागली?’ असे तिने विचारले. येत्या गुरुवारी डॉक्टरांकडे जाणार आहे.

मुलांच्या ताटांचा प्रश्न निम्मा सुटला. डब्यात एकच पराठा जातो आणि तो बहुतेक वेळा संपून येतो, म्हणजे इतके दिवस त्याला जास्त होत होता हे आम्हांला कळले नव्हते. दूध मात्र अजून उरते आणि अजून मीच पितो. व्यायाम आठवड्यातून चार दिवस होतो. मुलगा पाठीवर बसून उठाबशा मोजतो, पण त्याला वीसच्या पुढे नीट येत नसल्यामुळे एकोणतीसनंतर पुन्हा वीस येते आणि माझ्या दहा जास्त होतात.

भाऊ, तुमचे ऐकून शेजारच्या मशीनवरचे दोघे सोबत घेतले. तिघांनी मिळून कॅन्टीन कमिटीला अर्ज दिला की रात्रीच्या वड्याला पर्याय म्हणून उकडलेली अंडी किंवा मोड आलेली मटकी ठेवावी. कमिटीने मटकी मान्य केली आहे, पण ठेकेदार ती तेलात परतून देतो, आणि परतली नाही तर पहाटेपर्यंत आंबते असे त्याचे म्हणणे आहे. रात्री दहाला शिजवलेली मटकी तीन वाजेपर्यंत न परतता टिकवण्याचा उपाय कोणाला माहीत असेल तर कृपया सांगावा. पुढच्या सोमवारी माझी पुन्हा रात्रपाळी आहे.