मदत हवी आहे: डक्टमध्ये घुबडाची पिल्लं आहेत आणि शनिवारी जाळीवाले येतायत

पुण्यात जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. आमच्या बाथरूममागच्या डक्टमध्ये पाइपांच्या वर सिमेंटचा कट्टा आहे, तिथे गव्हाणी घुबडाने पिल्लं काढलीयेत. चार आहेत, थोरल्याला पिसं फुटायला लागलीत आणि धाकटं अजून नुसता कापसाचा गोळा. रात्री जो फुसफुस आवाज सुरू व्हायचा त्याने आम्हाला आधी सापच वाटला, सासूबाई तर घाबरून गेल्या होत्या, मग टॉर्च मारून बघितलं तर बदामाच्या आकाराची पांढरी तोंडं आमच्याकडे टकामका बघतायत.

आता प्रॉब्लेम असा की कबुतरांसाठी सगळ्या डक्टना जाळी लावायचं कमिटीने ठरवलंय, मी म्हटलं आमचा एक डक्ट थोडे दिवस सोडा तर म्हणे घुबड अपशकुनी असतं, उलट बरंच आहे गेलं तर. लक्ष्मीपूजनाला ज्याला लक्ष्मीचं वाहन म्हणतो ते आपल्या दारात आलं की अपशकुनी कसं होतं मला खरंच कळत नाही. त्यात पार्किंगमध्ये उंदरांसाठी विषारी केक ठेवलेत, त्याची मला जाळीपेक्षा जास्त भीती वाटतेय. पिल्लं उडायला किती दिवस लागतील? कमिटीला काय सांगू? प्लीज लवकर सांगा, झोप लागत नाहीये.

प्रतिसाद:
ताई, थोरल्याला पिसं फुटतायत म्हणजे अजून महिना-दीड महिना धरा. अंड्यातून बाहेर आल्यापासून उडायला आठ-नऊ आठवडे जातात आणि अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने फुटतात म्हणून लहानमोठी दिसतात, धाकटं उडेपर्यंत थांबायचं. जाळी लागली तर आईबापांना आत येता येणार नाही आणि पिल्लं उपाशी मरतील, हे असंच स्पष्ट सांगा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी बिघडवणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय. ऐकलं नाहीच तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, शनिवारची वाट बघू नका. विषाचं तुमचं बरोबर आहे, विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, तोच आधी पकडला जातो आणि ते विष घुबडाच्या पोटात जातं. केक उचलायला लावा, पिंजरे ठेवा. आणि डक्टच्या तळाला घुबडांनी ओकलेल्या, न पचलेल्या हाडा-केसांच्या काळ्या गोळ्या पडल्या असतील, मास्क-ग्लोव्हज घालून एक फोडा, आत उंदरांच्या कवट्या निघतील, त्या मीटिंगला घेऊन जा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार!! एका गोळीत तीन कवट्या निघाल्या, कागदावर मांडून सेक्रेटरीकाकांना दाखवल्या, ते बराच वेळ बघत राहिले. आमचा डक्ट सध्या सोडतायत, बाकीच्यांना शनिवारी जाळी. केक आज उचलले. आता एकच विचारायचंय, धाकटं फार कडेला येऊन बसतं, खाली पडलं तर उचलून परत ठेवायचं का, माणसाचा हात लागला की आई घेत नाही म्हणतात ते खरं आहे का?

प्रतिसाद:
नाही, खरं नाही. जखम नसेल तर जाड टॉवेलात धरून, नख्या सांभाळून, कट्ट्यावर ठेवा आणि लगेच बाजूला व्हा. दूध-भात काही भरवू नका. जखम दिसली तर खोक्यात अंधारात ठेवा आणि १९२६ ला फोन करा.