माहितीपर पुस्तकांतील अनुक्रमणिका, सूची आणि आकृत्या वापरायला मुलांना कसे शिकवावे?

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या सोसायटीत दर शनिवारी दुपारी तिसरी ते पाचवीच्या ११ मुलांना घेऊन मी वाचनवर्ग चालवते. मी शिक्षिका नाही, त्यामुळे जाणकारांची मदत हवी आहे. गोष्टींची पुस्तके मुले आपापली वाचतात. अडचण माहितीच्या पुस्तकांची आहे, कारण तीही मुले गोष्टीसारखीच पहिल्या पानापासून ओळीने वाचत जातात.

गेल्या महिन्यात धरणांविषयीचे एक पुस्तक घेतले होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या पुण्याला पाणी पुरवणाऱ्या चार धरणांची माहिती त्यात असल्यामुळे मुलांनी ते उत्साहाने उघडले. पानशेत धरण केव्हा फुटले, एवढा एकच प्रश्न मी विचारला. चौथीतील एक चुणचुणीत मुलगा पहिल्या पानापासून वाचू लागला आणि २५ मिनिटांनी म्हणाला, "ताई, अजून आलेच नाही." अनुक्रमणिकेत पानशेतच्या पुराचे प्रकरण स्वतंत्र दिलेले होते आणि १२ जुलै १९६१ ही तारीख त्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर चौकटीत होती. अनुक्रमणिका म्हणजे काय, असे विचारले असते तर याच मुलाने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली असती.

आकृत्यांचेही तसेच. मातीच्या धरणाचा उभा छेद, म्हणजे मध्ये चिकणमातीचा गाभा आणि दोन्ही बाजूंना भराव दाखवणारी आकृती पाहून एका मुलीने विचारले, "हे धरण फुटल्यानंतरचे चित्र आहे का?" तिला हसणे मला जमले नाही, कारण आदल्याच पानावर धरण फुटल्याचे वाचल्यावर समोर अर्धे कापलेले धरण दिसले, तर दुसरे काय वाटणार? आकृतीखाली 'उभा छेद' असे स्पष्ट छापलेले होते. ती ओळ मात्र तिने वाचलीच नव्हती. पुढच्या शनिवारी पेरू उभा कापून दाखवला तेव्हा छेद म्हणजे काय ते सर्वांना कळले, पण चित्राखालची ओळ वाचण्याची सवय अजूनही लागलेली नाही.

आतापर्यंत केलेले प्रयत्न असे. मथळा, उपशीर्षक, ठळक अक्षरे, चौकट, तक्ता अशी नावे मोठ्या कागदावर लिहून पुस्तकात शोधायला सांगितली, तेव्हा मुलांनी ती भराभर दाखवली. ओळख झाली, वापर शून्य. उत्तर शोधण्याची शर्यत लावून पाहिली, तर दोन मुलेच दर वेळी जिंकू लागली आणि बाकीची हिरमुसली. त्यातल्या त्यात एकच गोष्ट फळली. मजकूर कागदाने झाकून फक्त मथळे, चित्रे आणि चित्रांखालच्या ओळी पाहायच्या आणि पानावर काय असेल याचा अंदाज करायचा, हे मुलांना फार आवडले. तरीही घरी एकट्याने वाचताना असे कोणी करत नाही.

शब्दांचाही गोंधळ आहे. भूगोलात नकाशातील खुणांच्या यादीला 'सूची' म्हणतात आणि पुस्तकाच्या शेवटी वर्णानुक्रमाने दिलेल्या शब्दांनाही आपण 'सूची'च म्हणतो. त्यातून मुलांसाठीच्या कितीतरी मराठी पुस्तकांना अशी शेवटची सूची नसतेच. मग ती वापरायला शिकवायची तरी कशावर? आणि एकेक घटक वेगवेगळा शिकवावा, की गरज पडेल तसा? कृपया स्वतः करून पाहिलेले उपाय सांगावेत.

प्रतिसाद:

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या मते आपला प्रश्न चांगला होता, पण आपण थेट उत्तर मागितलेत. पुस्तक मिटलेलेच ठेवा आणि आधी एवढेच विचारा, "हे शोधायला तू पुस्तकाचा कोणता भाग उघडशील, आणि का?" शाबासकी त्या कारणाला द्या. त्यामुळे शर्यतही आपोआप संपते. त्याआधी दोन-तीन वेळा आपण स्वतः मुलांसमोर मोठ्याने बोलत शोधून दाखवा: "मला तारीख हवी आहे, म्हणून मी अनुक्रमणिका पाहते, हे प्रकरण जवळचे वाटते, आता पान उघडून आधी चौकट वाचते." मोठी माणसे हे मनातल्या मनात करतात, त्यामुळे मुलांना ते कधी दिसतच नाही. घटक एका वेळी एकच घ्या, परंतु नेहमी एखाद्या खऱ्या प्रश्नाला जोडून. शाळेत आपणच 'माहीत आहे का तुम्हांला?' ही चौकट परीक्षेत येत नाही म्हणून ओलांडून पुढे जातो, तेव्हा चौकटी सोडण्याची सवय मुलांना कोणी लावली, हे वेगळे सांगायला नको.

पुस्तकाला सूची नसेल तर मुलांकडूनच करून घ्या. प्रत्येकाला काही पाने वाटून द्या, महत्त्वाचा शब्द आणि पृष्ठक्रमांक एकेका चिठ्ठीवर लिहायला सांगा, मग सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून वर्णानुक्रमे लावा. कोणता शब्द घ्यायचा आणि कोणता गाळायचा, यावरचा वाद मध्येच थांबवू नका. नावांसाठी 'खुणांची सूची' आणि 'शब्दसूची' असे पूर्ण शब्दच वापरावेत.

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. चिठ्ठ्यांचा प्रयोग याच शनिवारी त्याच धरणांच्या पुस्तकावर केला. 'पाणी' हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर सापडल्याने मुलांनी तो स्वतःच गाळला आणि 'सांडवा' ठेवला. आता एकच अडचण उरली आहे: 'क्षमता' ही चिठ्ठी काही मुलांनी 'क'मध्ये लावली आणि काहींनी अगदी शेवटी, 'ह' आणि 'ळ' यांच्याही नंतर. मी घरातील दोन कोश उघडले, तर दोन्हींत निरनिराळा क्रम निघाला. आपण वर्गात कोणता क्रम धरता?