व्हर्सायचे बेडूक

फिरस्ती:
‘व्हर्सायच्या बागेत राजकारण शोधू नका, सौंदर्य अनुभवा’ ही फ्रेंच राजाच्या पॅरिसजवळच्या महालाच्या बागेवरची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. तिथलं लातोना देवीचं कारंजं बघितलंत का नीट? तिला पाणी पिऊ न देणाऱ्या शेतकऱ्यांचे बेडूक होताहेत. एकाचं तोंड बेडकाचं झालंय, अंग अजून माणसाचं. लातोना आई कुणाची? सूर्यदेव अपोलोची. आणि बाग करवून घेणारा राजा चौदावा लुई स्वतःला सूर्य म्हणवायचा. 1649 मध्ये बंडाळीमुळे दहा वर्षांच्या ह्याच पोराला रातोरात पॅरिस सोडावं लागलं होतं. अजून काय पुरावा हवा?

बागायतदार:
पोस्ट माझीच. बेडूक म्हणजे बंडखोर हा अभ्यासकांचा तर्क, त्यावरही वाद आहेत. गोष्ट जुनी रोमन पुराणातली. उद्या कमळातही पक्ष शोधाल.

फिरस्ती:
बरं, बेडूक सोडा. फुके? 17 ऑगस्ट 1661 ला अर्थमंत्र्याने आपल्या नव्या बागेत राजाला मेजवानी दिली, तीन आठवड्यांच्या आत गडी आत! त्याचा बाग आखणारा ल नोत्र आणि संत्र्याची झाडं मात्र व्हर्सायला.

बागायतदार:
अटक आधीच ठरली होती. मेजवानीचा मसाला लोकांनी नंतर लावला.

नळवाला:
पाण्याचं कुणी बोलतच नाही! 1684 ला सेन नदीवर बागेसाठी पाणी उपसायला मार्लीचं यंत्र बसवलं, 14 चाकं, दोनशेवर पंप, तरी सगळी कारंजी एकदम चालेनात. राजा जवळ आला की शिट्टी, कारंजं चालू. पुढे सरकला की बंद. आमच्या सोसायटीत हेच! रोज टँकर, पण बिल्डर गिऱ्हाईक घेऊन आला की गेटचं कारंजं सुरू. मीटिंगमध्ये विचारलं तर म्हणे, काका, तुम्हाला सौंदर्यदृष्टी नाही.

चहाटळ:
काका, विहिरींच्या धाग्यावरही हेच कारंजं होतं.

नळवाला:
असणारच, बिल मी भरतो! ओर नदीचं पाणी आणायला लुईने हजारो सैनिक जुंपले, कितीतरी तापाने मेले, लढाई लागली आणि काम अर्धवट. मँतनों गावी त्या कालव्याच्या कमानी अजून उभ्या आहेत. घ्या, अनुभवा सौंदर्य.

बागायतदार:
बिल्डरचा राग लुईवर कशाला? आणि राजाला कलेची जाण नव्हती असं नाही. इटलीच्या शिल्पकार बर्निनीने घडवलेला स्वतःचा घोडेस्वार पुतळा पसंत पडला नाही, तर दुसऱ्याकडून बदलून घेतला. लुईचा झाला रोमन वीर मार्कस कर्तियस, रवानगी थेट बागेच्या टोकाला, स्विस तळ्यापलीकडे.

फिरस्ती:
अहो, बर्निनीच्या दगडावर दुसऱ्याची छिन्नी चालवली! हे माझ्याच बाजूचं झालं की!

बागायतदार:
झालं. घ्या जिंकलात, वाजवा शिट्टी. मी गेलो तेव्हा कारंजी बंद होती, तरी तासभर पायरीवरून उठवेना, हेही लिहून ठेवा.

नळवाला:
टँकर दोनला येणार होता. चार वाजले.