अनुभव धागा : आपण गातो ते कोणासाठी?

ठाणे आणि नवी मुंबईत ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायन, शिकणाऱ्यांपासून भजनी मंडळांपर्यंत गाणारे पुष्कळ आहेत. गाण्याची ओढ आतून किती आणि दादेसाठी किती, याविषयी प्रत्येकाने आपला अनुभव सविस्तर लिहावा. सुरुवात मी करते.

नौपाडा, ठाणे
भैरव राग शिकवताना आमच्या बाईंनी कितीतरी महिने केवळ आलापी करून घेतली, कारण त्यातला कोमल ऋषभ (रे) आंदोलित आहे. तो नुसता लावून भागत नाही, गंधाराचा (ग) स्पर्श घेत त्याला संथपणे झुलवावे लागते. पं. राम मराठे यांच्या स्मृत्यर्थ ठाण्यात होणाऱ्या महोत्सवात काय किंवा घरगुती बैठकीत काय, टाळी पडते ती बहुधा द्रुत (जलद) तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की. ऋषभाला मिळते ती एखाद्या जाणकाराची मान हलण्याएवढीच दाद. टाळीच्या मागे लागलेल्या गायकाची आलापी आखडत जाते आणि ताना वाढत जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. तंबोऱ्याची जवारी (तारांची गुंजन) खुलली, षड्ज (सा) भरून आला, की ऋषभ जागेवर बसला की नाही हे मला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही, आणि पहाटे उठावेसे वाटते ते त्यासाठीच.

घोडबंदर रस्ता, ठाणे
मी कराओकेवर गातो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर चार माणसांनी ‘छान गायलात’ म्हणावे, एवढ्यासाठी मी गाऊ लागलो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

ऐरोली
मी मानसशास्त्र शिकवतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ सालच्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या ज्या लहान मुलांना आधी बक्षीस कबूल केले होते, त्यांनी पुढे मोकळ्या वेळात चित्रे कमी काढली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र तशी घटली नाही. त्यामुळे मुलगी गायला बसली की स्पर्धेचा विषय मी आधी काढत नाही. गाऊन झाल्यावर कौतुक मात्र मनापासून करतो.

खारघर
स्वरतंतूंवर गाठी आल्यामुळे डॉक्टरांनी मला मौन पाळायला सांगितले होते. ऐकणारे कोणी नव्हते, तरी स्वयंपाक करताना मनात बंदिश चाले आणि ओट्यावर बोटांनी एकतालाच्या मात्रा मोजल्या जात. किशोरी आमोणकर यांचाही आवाज तरुणपणी काही काळ गेला होता. पुढे जयपूर घराण्याची चौकट ओलांडल्याबद्दल टीका होऊनही त्यांनी भावनेला अग्रक्रम देणारी आपली गायकी सोडली नाही, याचा मला त्या दिवसांत फार आधार वाटला. आता थोडा वेळ, मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकात गाण्याची परवानगी मिळाली आहे. कार्यक्रमांची आमंत्रणे मी तूर्त स्वीकारत नाही. रियाज मात्र रोज करते.