लॅपटॉप घ्यायचाय: नवा ८ जीबीवाला की रिफर्बिश्ड १६ जीबीवाला? (मराठी टायपिंग, डीटीपीचं काम)

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते, कारण हे टाईप करताकरताच दोनदा हँग झालंय.

माझा लॅपटॉप २०१५ चा. इंटेलचा आय-३ प्रोसेसर, पाचवी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरणारी हार्डडिस्क. चालू करून चहा ठेवायला जायचं, चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी बाईसाहेब डेस्कटॉपवर एकेक आयकॉन मांडत बसलेल्या असतात. टास्क मॅनेजर उघडला (उघडला तर) की डिस्क १०० टक्के. बॅटरी कधीच वारलीय, त्यामुळे लाईट गेली की काम गेलं. डावीकडची बिजागरी तुटलीय आणि झाकण मागे लोळतं म्हणून मागे साखरेचा डबा टेकवून ठेवते, घरात कुणाला साखर लागली की आधी मला फाईल सेव्ह करावी लागते.

तरी ओढलंच असतं अजून वर्षभर. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मी ती सिक्युरिटी अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ घेतलीय तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते. म्हणजे आमची पाचवी तिथेच नापास. यंदा दिवाळी नोव्हेंबरात, म्हणजे १३ ऑक्टोबर हा दिवाळी अंकांच्या ऐन धुमाळीतला दिवस. त्या वेळी मशीन बदलणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचारी बदलणं. त्यामुळे आत्ताच काय ते.

काम काय करते ते सांगते म्हणजे 'गेमिंगवाला घ्या' असं कुणी सुचवणार नाही. मी मिरजेत घरून टायपिंग, प्रूफ आणि पानं लावायचं काम करते, सांगलीच्या दोन-तीन प्रेससाठी. दिवाळी अंक, स्मरणिका, पत्रिका, अधूनमधून कुणाचा पीएचडीचा प्रबंध. पानं लावायला इनडिझाईन वापरते, पण एका प्रेसचं सगळं अजून त्याच कामाच्या जुन्या पेजमेकर ७ वर आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये चालतं. हसू नका, पेजमेकरचं ते २००१ चं व्हर्जन आहे आणि अजून पोट भरतंय. सोबत फोटोशॉप, क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब, व्हॉट्सअ‍ॅप वेब कायम उघडं कारण लेखक मंडळी शेवटच्या दुरुस्त्या त्यावरच पाठवतात, त्याही फोटो काढून.

बजेट ४५ हजार, एक रुपया वर नाही.

आता दोन पर्याय समोर आहेत.

पहिला: दुकानातला कोरा करकरीत, १५.६ इंची, एएमडीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), एक वर्ष कंपनीची वॉरंटी. ४१,९९० सांगितलेत, बॅग आणि माऊस फुकट. दुकानदार म्हणतो, ताई सात हजार सिरीज आहे, एकदम लेटेस्ट. मीही खूश होते. मग भाच्याने फोनवर सांगितलं की त्या चार आकड्यांत पहिला नाही, तिसरा आकडा बघायचा असतो. ७५२० मधला तो २ म्हणजे झेन २, प्रोसेसरची आतली रचना २०१९ सालची, चार कोअर. शेजारीच ७५३०यू मिळतो तो झेन ३, सहा कोअर. नावात एका आकड्याचा फरक. हे म्हणजे डब्यावर यंदाची तारीख आणि आत मागच्या वर्षीचं लोणचं. लोणचं तरी मुरतं. शिवाय ह्या प्रोसेसरला रॅम बोर्डावर सोल्डर केलेलीच येते, म्हणजे ८ ची पुढे १६ करू म्हटलं तर नाही, जन्मभर ८. (७५३०यू वाला त्या दुकानात १६ जीबीत बजेटच्या बाहेर जातोय, रॅमचे भाव चढलेत म्हणे, त्यामुळे तो विषय सोडला.)

दुसरा: रिफर्बिश्ड. डेलचा लॅटिट्यूड ५४२०, १४ इंची, आय-५ ११४५जी७ म्हणजे अकरावी जनरेशन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी. ३६,५००, विक्रेत्याची एक वर्षाची वॉरंटी, बिल जीएसटीसकट. कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसात वापरून निघालेला माल आहे. रॅमचे दोन स्लॉट आहेत, वाढवता येते. नेटवर्कची केबल थेट लागते, जी नव्यात लागत नाही. झाकणावर स्टिकर काढल्याचा चौकोनी डाग, बाकी अंगावर फार ओरखडे नाहीत.

आता खरी गोष्ट सांगते जी कुठल्याही रिव्ह्यूत लिहिलेली नसते. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या त्या ठरावीक कीबोर्ड मांडणीवर टाईप करते. त्यात ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे शिफ्ट दाबूनच येतात. क च्याच बटणावर शिफ्टसकट ख, ग च्या बटणावर घ, असं. ळ पण शिफ्टवर. म्हणजे शिफ्ट मेली तर अर्धी बाराखडी मेली. माझ्या जुन्याची डावी शिफ्ट गेले चार महिने दहातून तीनदा लागत नाही, परवा एका श्रद्धांजलीच्या मजकुरात 'भावपूर्ण' चं 'बावपूर्ण' जाता जाता राहिलं. प्रूफ वाचलं म्हणून वाचले.

त्यामुळे दोन्हीकडे जाऊन मी आधी कीबोर्ड बडवला. दुकानदाराला वाटलं बाई काहीतरी मोठं लिहितायत, मी आपली 'झाडाखाली घोडा ढिम्म' असं कायकाय लिहीत होते. नव्याला उजवीकडे आकड्यांचे नमपॅड आहे त्यामुळे बाकीची बटणं डावीकडे सरकलेली, उजवी शिफ्ट आखूड, आणि बटणं दाबली की मधोमध पत्रा दबल्यासारखा वाटतो. रिफर्बिश्डची बटणं खोल जातात, आवाज कमी, दोन्ही शिफ्ट चांगल्या ऐसपैस. फक्त अ‍ॅरोची बटणं बारीक आहेत. दहा मिनिटांत बोटांनी निकाल दिला होता, डोकं अजून ऐकत नाहीये.

डोकं का ऐकत नाही तर घरचे. ह्यांचं म्हणणं, ४० हजाराच्या आसपास घालवून दुसऱ्याचं उष्टं कशाला घ्यायचं. सासूबाई म्हणतात लक्ष्मीपूजनाला नवं काहीतरी दिसायला नको का. नणंद म्हणते गेल्या सप्टेंबरात जीएसटी कमी झाला तेव्हाच घ्यायचा होता. तिला सांगितलं की टीव्ही आणि एसी २८ वरून १८ वर आले, लॅपटॉप आधीपासून १८ वरच होता आणि आहे, पण ती ऐकत नाही, तिने एसी घेतलाय.

माझे प्रश्न: पाच वर्षांपूर्वीचं ऑफिसचं मशीन रोज आठ-नऊ तास वापरून अजून चार वर्षं जाईल का? ८ जीबीत इनडिझाईन, फोटोशॉप आणि क्रोम एकत्र चालवणारं कुणी आहे का इथे, खरं खरं सांगा. आणि रिफर्बिश्ड घेताना काय तपासायचं, मला 'चालू होतंय' याच्या पलीकडे काही कळत नाही.

कृपया 'मॅक घ्या' म्हणू नका. बजेट नाही आणि पेजमेकर नाही.

भर घालतेय, दुसऱ्या दिवशी:

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. ज्यांनी जुन्यातच एसएसडी टाकायला सांगितली त्यांचं पटलं, वेगाचा दोष बराचसा त्या फिरत्या हार्डडिस्कचाच आहे हे कळलं. पण बिजागरी, बॅटरी, कीबोर्ड बदलून शेवटी पाचवी जनरेशनच राहणार, म्हणून नाही. तरी एसएसडी टाकून तो मुलीला देईन, तिला फक्त पीडीएफ वाचायच्या असतात. लिनक्सवाल्यांनो, तुमचा उत्साह आवडला, पण प्रेसवाल्यांना मी काय सांगू.

एकाने स्नॅपड्रॅगनवाला (मोबाईलसारखा एआरएम जातीचा प्रोसेसर असलेला) बघा म्हणून सुचवलं, बॅटरी फार चालते म्हणून. तो पर्याय मीही बघितला होता. पण माझ्या फाँटच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं डोंगल (ते खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) लागतं, आणि त्या एआरएमवाल्या विंडोजवर जुनी सॉफ्टवेअर एकवेळ चालतात, जुने ड्रायव्हर चालत नाहीत, ते एआरएमसाठीच बनवलेले लागतात. डोंगलला ड्रायव्हर, जुन्या लेझर प्रिंटरला ड्रायव्हर. कशाला विषाची परीक्षा.

भर २, शनिवार संध्याकाळ:

तुम्ही सांगितलेली यादी वहीत लिहून परत रिफर्बिश्डवाल्याकडे गेले. सगळ्यात उपयोगी पडला तो सल्ला म्हणजे 'त्याच्यासमोर विंडोज रिसेट करायला लावा आणि वायफाय जोडा'. मला कळलं नव्हतं का ते. तर कंपनीने मशीन आपल्या यादीतून काढलेलं नसेल तर नव्याने सेटअप करताना स्क्रीनवर त्या कंपनीचं लॉगिन मागितलं जातं आणि आपण बसतो हात चोळत. त्याने आधी तोंड वाकडं केलं, ताई पाऊण तास जाईल म्हणाला, म्हटलं जाऊ दे, मी डबा आणलाय. पहिल्याच पीसवर कुठल्यातरी कंपनीचं नाव आलं! तो स्वतःही चपापला, खोटं नाही बोलत. दुसरा पीस काढला, तो सरळ झाला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, पासवर्ड नाही हेही बघितलं.

मग बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी टाकून बॅटरीरिपोर्ट काढायला सांगितला होता कुणीतरी, तो काढला. मूळ क्षमता ६३ हजार मिलीवॉट-तासाच्या घरात, आता पूर्ण चार्ज होते ती ४६ हजार काहीतरी. म्हणजे पाऊणएक राहिलीय. माझ्या शून्यापेक्षा बरीच, पण हे दाखवून दोन हजार कमी करून घेतले. ३४,५००.

स्क्रीनसाठी पेनड्राइव्हवर मागच्या वर्षीच्या मुखपृष्ठाची पीडीएफ आणि पर्समध्ये छापलेला अंक नेला होता. आकाशकंदील आहे त्यावर, केशरी. छापील अंक शेजारी धरला. खरं सांगायचं तर केशरी इथेही विटकरीच दिसतंय, दुकानातल्या नव्या लॅपटॉपचंही तेच होतं, दोन्ही पॅनेल ४५ टक्के एनटीएससीवालीच, म्हणजे रंग कमी दाखवणारी आहेत. म्हणजे रंगाच्या बाबतीत दोघेही सारखेच गरीब. उरलेल्या पैशांत २४ इंची आयपीएस मॉनिटर बसतोय का बघतेय, निदान ज्यावर ९९ टक्के एसआरजीबी (म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगांपैकी जवळपास सगळे) लिहिलंय असा. कुणी पानं लावायला वापरत असेल तर मॉडेल सांगा, १० हजाराच्या आत.

हजार रुपये ॲडव्हान्स देऊन आलेय. सोमवारी आणायचा. ह्यांना सांगितलं, ते म्हणाले पावती नीट ठेव. सासूबाईंना अजून सांगितलं नाही, झाकणावरचा तो चौकोनी डाग जरा झाकता आला तर बरं. स्टिकरचा डिंक कशाने निघतो? खोबरेल लावून बघू का?